शेवटचा हात

“सर, मी माझ्या बाजूने ते बंद केले आहे.”

आमचा तरुण सहकारी हे वाक्य आम्हांला तीन आठवड्यांत निदान दहा वेळा म्हणाला असेल. पहिल्या दोन-तीन वेळा आम्ही हसलो. पुढे उपदेश केला. आणि शेवटी शेवटी आमच्या स्वरात असा एक जडपणा आला, की जो ऐकून तरुण माणसे गप्प बसतात, पण पटले म्हणून गप्प बसत नाहीत. मुलगा खरे बोलत होता. जे बंद व्हायचे राहिले होते ते आमच्या बाजूचे होते. चूक एका ओळीची होती. ती सापडायला तीन आठवडे लागले, आणि त्यांतले बहुतेक दिवस आम्ही ती दुसऱ्याच्या घरात शोधण्यात घालविले. म्हणूनच ही हकीगत सांगावीशी वाटते.

आमच्या गावच्या एका रुग्णालयात प्रयोगशाळा तळमजल्यावर आहे आणि वॉर्ड वरच्या मजल्यांवर. तपासणीचे अहवाल वॉर्डांतील संगणकांवर पोहोचविणारा एक लहानसा प्रोग्रॅम आम्ही पुष्कळ वर्षांपूर्वी सी भाषेत लिहून दिला होता. त्याची रीत साधी होती. वॉर्डातील संगणकाने तळमजल्यावरच्या सर्व्हरला हाक मारावी. सर्व्हरने अहवाल पाठवावा आणि जोडणी तोडावी. जोडणी तुटली म्हणजे अहवाल संपला असे समजून वरच्या यंत्राने तो कागदावर छापावा. अहवाल किती लांबीचा आहे हे आधी कळविण्याची सोय आम्ही ठेवली नव्हती. बोलणाऱ्याने फोन खाली ठेवला म्हणजे त्याचे बोलणे संपले असे समजावे, त्यातलाच हा प्रकार. वर्षानुवर्षे तो बिनतक्रार चालला होता आणि त्याचा आम्हांला थोडा अभिमानही होता.

पुढे रुग्णालयाने अपघात-विभागासाठी तातडीच्या अहवालांचा वेगळा नमुना मागितला. काम आम्ही दोघांत वाटून घेतले. अहवाल तयार करून पाठविणारा भाग सहकाऱ्याकडे गेला; येणाऱ्या हाका स्वीकारणारा मुख्य भाग जुना आणि आमचा, तो आमच्याकडेच राहिला. त्यात आम्ही अवघ्या चार ओळींची भर घातली: हाक अपघात-विभागाच्या संगणकावरून आली असेल तर नोंदवहीत तिच्यापुढे ‘तातडीची’ अशी खूण करावी आणि पुढच्या हाकेकडे वळावे. दोन्ही बदल एकाच सोमवारी चालू झाले. त्याच रात्रीपासून अपघात-विभागातील छपाई थांबली.

पडद्यावर ‘अहवाल येत आहे’ एवढेच दिसे. पाच मिनिटे वाट पाहून यंत्र हात टेकी आणि चूक झाल्याचे सांगे. बाकीच्या वॉर्डांत सर्व सुरळीत होते. दुसऱ्या रात्री एका रुग्णाच्या रक्तातील पोटॅशियमचा आकडा असाच वाटेत अडकून राहिला. हा आकडा फार चढला वा उतरला तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तो हाती येईपर्यंत डॉक्टरांना पाच मिनिटेही फार असतात. प्रयोगशाळेतल्या बाई कागद घेऊन स्वतः जिने चढून गेल्या, म्हणून काही विपरीत घडले नाही. सकाळी रुग्णालयाच्या कचेरीतून फोन आला. पहिलाच प्रश्न होता, “नवीन भाग कोणी लिहिला?” आम्ही सहकाऱ्याचे नाव सांगितले. नव्यातल्या चार ओळी आमच्याही आहेत हे सांगण्याचे आम्हांला सुचलेही नाही.

ज्या वाचकांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी येथे थोडे थांबले पाहिजे. सॉकेट म्हणजे दूरच्या यंत्राशी बोलण्याचे आपल्याकडचे टोक. टेलिफोनचा रिसीव्हर म्हणा ना. युनिक्स आणि तिच्या वंशातील लिनक्स या प्रणालींत चालू असलेल्या प्रोग्रॅमला प्रक्रिया म्हणतात, आणि प्रत्येक प्रक्रियेजवळ स्वतःच्या उघड्या वस्तूंची एक यादी असते. फाइल असो की सॉकेट, प्रत्येकाला त्या यादीत एक क्रमांक मिळतो. प्रक्रियेला स्वतःसारखीच दुसरी प्रक्रिया निर्माण करता येते. या क्रियेला फोर्क म्हणतात. पहिली प्रक्रिया जनक आणि दुसरी अपत्य. ही कल्पना मेल्विन कॉनवे यांनी १९६३ साली मांडली होती. बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स घडविली, तेव्हा ती तिच्या पायातच बसली. सॉकेट पुष्कळ नंतरचे. ते १९८३ सालच्या ४.२ बीएसडी या बर्कलेच्या आवृत्तीबरोबर सर्वत्र पसरले. पण त्याला फाइलीसारखाच क्रमांक दिल्यामुळे घराण्याचा जुना वारसा-कायदा त्यालाही लागू झाला. तो कायदा असा की, अपत्य जन्मते त्या क्षणी जनकाच्या हाती जे जे उघडे असेल ते ते अपत्याच्याही हाती येते.

येथे एक बारकावा आहे, आणि आमची सारी फजिती त्या बारकाव्यात आहे. अपत्याला यादीची नक्कल मिळते, वस्तूची नव्हे. वस्तू एकच राहते, आणि ती किती हातांत आहे याची मोजदाद प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, ठेवीत असतो. अपत्याने आपल्या बाजूने ‘क्लोज’ म्हटले की मोजदाद दोनावरून एकावर येते. दूरच्या यंत्राला ‘आमचे बोलणे संपले’ हा निरोप, ज्याला टीसीपीच्या परिभाषेत फिन म्हणतात, तो मोजदाद शून्यावर आल्यावाचून जात नाही. ज्यांच्या घरी एकाच लाइनवर माडीवर आणि खाली असे दोन टेलिफोन होते त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. माडीवरच्याने रिसीव्हर कितीही नीट ठेवला, तरी खालचा उचललेला असेल तोवर लाइन मोकळी होत नसे.

सर्व्हर लिहिण्याची प्रचलित रीत या कायद्याला धरूनच आहे. जनकाने हाक स्वीकारावी, नवे सॉकेट मिळवावे, अपत्य निर्माण करावे. अपत्याने जनकाचे ‘ऐकणारे’ सॉकेट बंद करून ग्राहकाशी बोलावे. आणि जनकाने ग्राहकाचे सॉकेट तत्काळ बंद करून पुढच्या हाकेकडे कान द्यावा. रिचर्ड स्टीव्हन्स यांच्या ‘युनिक्स नेटवर्क प्रोग्रॅमिंग’ या १९९० साली निघालेल्या ग्रंथावर आमच्या पिढीने आपली अक्षरे गिरविली, आणि जनकाने आपली प्रत बंद करण्याची ओळ आम्ही त्या वयात तोंडपाठ केली होती. या तोंडपाठपणानेच पुढे घात केला. ती ओळ आमच्या हातून राहील ही शंकाच आम्हांला शिवली नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही एसट्रेस हे साधन घेऊन बसलो. एखादी प्रक्रिया कर्नेलपाशी काय काय मागते आणि तिला काय उत्तर मिळते, हे ते ओळीओळीने लिहून देते. आम्ही ते अपत्यावर लावले. जनकावर लावण्याची गरज आम्हांला वाटली नाही. कागदावर स्वच्छ उमटले होते: अहवाल लिहिला, सगळी अक्षरे गेली, २१२ क्रमांकाचे सॉकेट बंद केले, उत्तर शून्य. शून्य म्हणजे काम फत्ते. अपत्याने आपले कर्तव्य केल्याचा खुद्द कर्नेलने दिलेला तो दाखला होता. आम्ही तो पाहिला, आणि सहकाऱ्याला म्हणालो, “बंद केले म्हणतोस, पण पलीकडे काही पोहोचत नाही. नुसते क्लोज पुरे नाही; आधी शटडाउन कर.”

शटडाउन ही वेगळी क्रिया आहे. ती हात मोजीत बसत नाही. वस्तू कितीजणांच्या ताब्यात आहे याची पर्वा न करता संभाषणच संपविते, आणि निरोप तत्काळ जातो. सहकाऱ्याने एक ओळ वाढविली, सर्व्हर पुन्हा चालू केला, आणि अपघात-विभागातील यंत्र खडखडत छापू लागले. आम्ही त्याच्या पाठीवर थाप मारली आणि धड्याचा समारोप केला. तो हसला नाही. “पण सर, आधी मी बंद केलेच होते,” एवढेच म्हणाला. विजयाच्या क्षणी असली वाक्ये कानांवर पडतात, आत जात नाहीत.

औषधाने ताप उतरावा आणि रोग आत तसाच राहावा, असे ते झाले होते. अपघात-विभागाचे दिवसाला ऐंशीच्या आसपास अहवाल असत. एका प्रक्रियेने एका वेळी किती वस्तू उघड्या ठेवाव्यात याला लिनक्सवर मर्यादा असते, आणि ती बहुधा १०२४ ठेवलेली असते. ऐंशीने भागून पाहावे. बरोबर तेराव्या दिवशी, रात्री दीडच्या सुमारास, सर्व वॉर्डांचे सर्व अहवाल एकदम थांबले. नोंदवहीत एकच वाक्य हजारो वेळा लिहिलेले होते: उघड्या फाइली फार झाल्या. आणखी विचित्र हे की, वॉर्डांतील संगणकांना सर्व्हर जिवंत वाटत होता. हाकेला पहिला प्रतिसाद कर्नेल स्वतःच देतो आणि येणाऱ्यांना रांगेत बसवून ठेवतो. त्यांना आत घेणाऱ्या जनकाचेच हात भरले होते.

आम्ही दोघे अडीचला तेथे पोहोचलो. एक सिस्टर जिन्यावरून कागद घेऊन वर चालल्या होत्या. आमच्याकडे पाहून त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते. आम्ही जनक प्रक्रिया मारली आणि सर्व्हर नव्याने सुरू करू लागलो, तो कर्नेलचे उत्तर आले: हा पत्ता आधीच वापरात आहे. ज्याला मारले तोच पत्ता धरून कसा बसेल? कोणते सॉकेट कोणाच्या हाती आहे हे दाखविणारे एलएसओएफ लावले. एक जुने अपत्य जिवंत होते. माडीवरचा एक संगणक लांबलचक अहवाल अर्धा घेऊन गोठला होता, आणि त्याला उरलेला अर्धा देण्यासाठी ते बिचारे ताटकळत उभे होते. जनक गेल्यावर पोरक्या प्रक्रिया क्रमांक एकच्या प्रक्रियेकडे दत्तक जातात, तसे तेही गेले होते. पण जन्मतःच हाती आलेले जनकाचे ऐकणारे सॉकेट त्याने सोडले नव्हते. त्याला संपवून सर्व्हर सुरू केला. साडेतीनला छपाई चालू झाली.

त्या घाईत आम्ही एक वाक्य बोलून गेलो, ते येथे लिहिणे अवघड वाटते. “तुझ्या भागात अजून किती ठिकाणी असे आहे कोण जाणे,” असे आम्ही म्हणालो. मुलगा मूळचा गोव्याचा. आमच्याशी नेहमी शुद्ध मराठीत बोलणारा. त्या वेळी मात्र त्याच्या तोंडून घरची भाषा आली. “हांवें तें बंद केलां, सर,” तो म्हणाला, आणि खुर्चीवरून उठून व्हरांड्यात गेला. नोकरी सोडण्याचा विचार त्याच्या मनात त्या रात्री येऊन गेला, हे त्याने आम्हांला पुढे सांगितले.

सकाळी सहाला तो परत आला, तेव्हा त्याच्या हातात पहिल्या आठवड्यातला एसट्रेसचा कागद होता. त्याने तो आमच्यापुढे ठेवला आणि शांतपणे विचारले, “सर, हा क्रमांक २१२ का आहे?”

आम्ही कागदाकडे पाहत राहिलो. उत्तरातला शून्य आम्ही वाचला होता. त्याच ओळीतला २१२ वाचला नव्हता. नव्या वस्तूला कर्नेल नेहमी यादीतला सर्वांत लहान रिकामा क्रमांक देतो. आमच्या सर्व्हरात शून्य, एक, दोन हे नेहमीचे मानकरी. तीनवर नोंदवही, चारवर ऐकणारे सॉकेट. जनक प्रत्येक वेळी आपली प्रत बंद करीत असता, तर पाच क्रमांक दर वेळी मोकळा झाला असता आणि प्रत्येक ग्राहकाला पाचच मिळाला असता. २१२ मिळाला याचा अर्थ त्याच्या आधीचे दोनशेसात क्रमांक कोणीतरी धरून बसले होते. अपत्य तर एकाच ग्राहकासाठी जन्मते आणि काम आटोपताच मरते. मरताना त्याच्या हातातले सगळे कर्नेल सोडवून घेतो. तेव्हा धरून बसणारा दुसरा कोण असणार?

जिवंत जनकाची यादी आम्ही उघडली. साडेतीनपासून अपघात-विभागाचे अकरा अहवाल गेले होते, आणि यादीत अकरा सॉकेटे होती. चालू जोडण्यांच्या तक्त्यात त्यांतली एकही नव्हती. शटडाउनमुळे संभाषणे केव्हाच संपली होती. दोन्ही बाजूंचे निरोप झाले होते. व्यवहार उरला नव्हता, ताबा तेवढा उरला होता. मग आम्ही आमच्या चार ओळी काढल्या. तातडीची खूण करून झाल्यावर ‘पुढच्या हाकेकडे वळावे’ असे जे आम्ही लिहिले होते, त्यासाठी सी भाषेतला ‘कंटिन्यू’ हा शब्द वापरला होता. आणि ग्राहकाचे सॉकेट बंद करण्याची जुनी, तोंडपाठ ओळ त्याच्या खाली होती. तातडीची हाक आली की जनक त्या ओळीवरून उडी मारून पुढे जाई. साध्या अहवालांना जे मिळत होते ते नेमके तातडीच्या अहवालांना मिळत नव्हते, आणि हे त्यांची विशेष काळजी घेण्याच्या नादात झाले होते.

दुरुस्तीला अर्धे मिनिट लागले. बंद करण्याची ओळ उचलून फोर्कच्या लगेच खाली, सर्व खुणांच्या आणि नोंदींच्या आधी ठेवली. त्यानंतर प्रत्येक ग्राहकाला पाच क्रमांक मिळू लागला. शटडाउनची ओळ सहकाऱ्याने राहू दिली, कारण आता ती रोग झाकणारी राहिली नव्हती. शिवाय अहवालाची लांबी आरंभीच कळविण्याची सोय आम्ही केली. फोन ठेवला की बोलणे संपले असे समजण्याची रीत आम्ही वीस वर्षे उगाच साधी म्हणत आलो होतो.

या दोषाची जाण धंद्यातल्या शहाण्यांना पुष्कळ आधी झालेली आहे. वस्तू आपोआप वारशात जावी की सांगितल्यावर जावी, या प्रश्नाचा कौल हळूहळू दुसऱ्या बाजूला गेला. फाइल उघडतानाच ‘नव्या प्रोग्रॅमकडे ही जाऊ नये’ अशी खूण करण्याची सोय लिनक्समध्ये २००७ साली आली, सॉकेटासाठी २००८ साली. पायथन या भाषेने २०१४ सालच्या ३.४ आवृत्तीपासून ही खूण सरसकट लावून टाकली. परंतु ती खूण अपत्य दुसरा प्रोग्रॅम चालवू लागते तेव्हा उपयोगी पडते. नुसत्या फोर्कला ती अडवीत नाही. तेथे आजही ज्याने त्याने आपापला हात आठवणीने सोडावा लागतो, आणि दुसऱ्याने सोडला म्हणून आपला सुटत नाही.

आम्हांला त्या सकाळी जे बोचले ते असे. धरून ठेवणाऱ्याला आपण काही धरले आहे हे जाणवत नाही. जनकाला त्या सॉकेटांशी काही बोलायचे नव्हते. ती त्याच्या उपयोगाची नव्हती. तो त्यांना विसरला होता, एवढेच. घरोघरीही असे दिसते. वडील मुलाच्या हाती दुकान देतात आणि बँकेतली सही बदलायची राहते. पुढे उधारी तटली म्हणजे गल्ल्यावर बसलेल्या मुलाला सगळे बोल लावतात, आणि वडीलही लावतात, अगदी मनापासून. त्यांच्या मते त्यांनी केव्हाच सर्व सोडलेले असते. आम्हीही त्या तरुणाला काम दिले होते; काम योग्य की अयोग्य हे ठरविण्याचा हक्क मात्र आमच्या यादीत उघडाच राहिला होता, आणि आमच्याकडे कोणी तपासायला यावे ही शक्यता आम्ही धरलीच नव्हती.

रुग्णालयाच्या कचेरीला आम्ही त्याच दिवशी लेखी कळविले की दोष मुख्य भागात होता आणि तो भाग आमचा आहे. सहकाऱ्याची माफी मागणे पत्र लिहिण्याइतके सोपे गेले नाही. चहा मागवून आम्ही बराच वेळ इकडचे तिकडचे बोललो आणि मग एकदाचे म्हणालो, “तू दहा वेळा सांगितलेस. आम्ही एकदाही ऐकले नाही. चूक आमची होती.”

तो थोडा वेळ कपाशी चाळा करीत बसला. मग म्हणाला, “सर, ते ऐकणारे सॉकेट मात्र माझ्याकडून राहिले होते. अपत्याने जन्मल्याबरोबर ते सोडायचे असते. सर्व्हर पुन्हा उठत नव्हता तो माझ्यामुळे.”

हेही खरेच होते. रात्रीचा एक तास त्याच्याही ओळीत गेला होता. त्याने ती ओळ त्याच दुपारी घातली. प्रोग्रॅममध्ये आता फोर्कच्या खाली दोन ओळी समोरासमोर आहेत: अपत्य जनकाचे सोडते, जनक अपत्याचे सोडतो. त्यांच्यावर त्याने मराठीत एक टीप लिहून ठेवली आहे, “या दोन ओळींच्या आधी काहीही घालू नये.” नवीन माणूस कामावर आला की आम्ही त्याला प्रथम ती टीप दाखवितो, आणि कोणाच्या चुकीवरून ती लिहावी लागली हेही सांगतो.